धुण्याचा दिवस



आमच्या पाड्यावर साबण क्वचितच यायचा. आई चुलीतली राख रात्रभर पाण्यात ठेवायची, सकाळी वरची निवळ काढून त्यात गोधड्या उकळायची. लुगड्यांना रिठ्याचा फेस. मग टोपली डोक्यावर घेऊन नदी गाठायची. दगडावर आपटायचं, पिळायचं, झुडपांवर वाळत घालायचं. त्या दिवशी माझी शाळा बुडायची, कारण धाकट्याला मीच सांभाळायची.

आज आपल्या वसतिगृहातल्या मुली नळावर कपडे धुतात आणि घंटा झाली की वर्गात जातात. पण होळीनंतर विहीर आटते. मग धुण्यासाठी पुन्हा नदी, पुन्हा बुडालेली शाळा.

प्रभूने स्वतः पाणी ओतून शिष्यांचे पाय धुतले. या मुलींसाठी एक टाकी आपण बांधू या. आमेन.