माशांच्या कानांतील खडे



घोळ किंवा ढोमा ज्यांच्या घरीं शिजतो, त्यांनीं माशाच्या डोक्यांतून निघालेला पांढरा, कठीण खडा केव्हांतरी पाहिला असेल. दांताखालीं आला कीं आपण तो पानाबाहेर ठेवतों. तो वाटेंत मिसळलेला दगड नव्हे आणि हाडही नव्हे. तो माशाच्या कानांतील खडा आहे. आज त्याचीच हकीकत सांगावयाची आहे.

माशाला बाहेरून दिसणारा कान नसतो. परंतु कवटीच्या आंत दोन्ही बाजूंस द्रवानें भरलेल्या पिशव्या असतात, आणि त्यांत प्रत्येक बाजूस ३ खडे असतात. ध्वनीची लाट आली म्हणजे माशाचें शरीर पाण्याबरोबर हालतें. जड खडा मात्र किंचित् मागें रहातो. त्यामुळें त्याखालचे सूक्ष्म केस वांकतात व मेंदूस वर्दी पोंचते. शरीराचा तोलही ह्याच खड्यांच्या योगानें सांभाळला जातो. चुनखडीच्याच द्रव्याचा हा खडा जन्मभर थराथरानें वाढतो. झाडाच्या बुंध्यांतील वलयांप्रमाणें त्यांतील वलयें मोजून माशाचें वय सांगतां येतें. आणि खड्याच्या आकारावरून व त्यावरील खांचेवरून बहुधा माशाची जातही ओळखतां येते.

मासा मेल्यावर त्याचीं नाजूक हाडें विखुरतात आणि नष्ट होतात. सबंध सांगाडा दगडांत उमटलेला सांपडणें हा दुर्मिळ योग होय. खडा मात्र गाळांत टिकतो. १८८४ सालीं एर्न्स्ट कोकेन ह्या जर्मन शास्त्रज्ञानें उत्तर जर्मनींतील जुन्या थरांतील अशा खड्यांचें वर्णन प्रसिद्ध केलें, आणि ह्या अभ्यासाचा पाया घातला गेला.

आतां खोल समुद्राकडे वळूं. २०० मीटरच्या खालीं प्रकाश अगदीं मंद होत जातो. तेथील मासे अनादि काळापासून तेथेंच, जसेच्या तसे रहात असावेत, असें आपणांस सहज वाटतें. ह्या समजुतीची परीक्षा त्या खड्यांनीं केली आहे.

अंगावर दिव्यांच्या रांगा असलेले, बोटाएवढे मासे सर्व महासागरांत आहेत. आपल्या अरबी समुद्रांतही ते विपुल आहेत. त्यांना आपण कंदील-मासे म्हणूं. त्यांच्या सुमारें २५० जाती आहेत. त्यांपैकीं बहुतेक दिवसा शेंकडों मीटर खोल दडतात आणि रात्रीं भक्ष्यासाठीं वर येतात. पूर्वीं समुद्रतळ असलेली आणि पुढें उचलली जाऊन जमीन झालेली चिखलमाती इटलींत व न्यूझीलंडमध्यें आहे. ती चाळणींतून धुतली म्हणजे ह्या माशांचे खडे हातीं येतात.

२०२१ सालीं श्वार्त्सहान्स व कार्नेवाले ह्या शास्त्रज्ञांनीं अशा खड्यांचा इतिहास जुळवून मांडला. त्यांतील सर्वांत जुने खडे ५ ते ६ कोटी वर्षांपूर्वींचे आहेत. परंतु ते मासे खऱ्या अर्थानें महासागराचे रहिवासी नसावेत. किनाऱ्यालगतचा उथळ समुद्रतळ जेथें संपतो, त्या परिसरांतच त्यांचा वास असावा, असें अनुमान निघतें. सुमारें ३ कोटी ४० लक्ष वर्षांपूर्वीं पृथ्वी थंडावली, दक्षिण ध्रुवखंडावर बर्फ सांचलें आणि सागरप्रवाह बदलले. पोषक द्रव्यें वर येऊं लागलीं, सूक्ष्म वनस्पति वाढल्या. त्यानंतरच्या थरांत कंदील-माशांचे खडे मोठे होतात आणि त्यांची संख्याही वाढते. म्हणजे हे मासे खुल्या समुद्रांत आले, ते हवामान पालटल्यामुळें.

अर्थात् खोल समुद्र हें काळापासून सुरक्षित असें स्थान नव्हे. वरच्या पाण्यांत जें घडतें त्याचा परिणाम तेथवर पोंचतो. रोजच्या येरझारीनें हेच मासे वरच्या अन्नांतील कर्बाचा कांहीं अंश खोल पाण्यांत नेऊन सोडतात, आणि त्याचा लाभ आपल्या हवेस होतो. थंडीनें ज्यांचा उत्कर्ष झाला, त्यांचें आज तापत चाललेल्या समुद्रांत काय होईल, हा प्रश्न केवळ कोळ्यांचा नाहीं, आपणां सर्वांचा आहे.

पुढल्या वेळीं तो खडा पानाबाहेर ठेवतांना क्षणभर हातांत घेऊन पहावा, एवढीच विनंति.