सांगोल्याचे अकरा विजय आणि दोन पराभव
(व्याख्यानाची संहिता)



महाराष्ट्राच्या विधिमंडळाच्या इतिहासात गणपतराव देशमुख हे नाव एका आकड्याशी कायमचे जोडले गेले आहे. सोलापूर जिल्ह्यातील सांगोला मतदारसंघातून शेतकरी कामगार पक्षाच्या वतीने ते अकरा वेळा विधानसभेवर निवडून आले. ३० जुलै २०२१ रोजी सोलापुरात त्यांचे निधन झाले, तेव्हा वृत्तपत्रांनी हाच आकडा ठळकपणे छापला आणि त्याच्या शेजारी एस.टी.ने प्रवास करणाऱ्या आमदाराचे छायाचित्र. त्यात खोटे काहीच नव्हते. परंतु भांडवली वृत्तपत्रांना साधेपणाचे कौतुक स्वस्तात पडते. साधेपणा हा एका भल्या माणसाचा स्वभाव ठरला, की त्याच्यामागे उभे असलेले राजकारण सोयीस्करपणे झाकता येते. म्हणून या कारकिर्दीचा हिशेब आकड्यांपासूनच मांडला पाहिजे.

देशातील सर्वाधिक विजयांचा विक्रम म्हणून सांगोल्याचा उल्लेख अनेकदा होतो. तो अचूक नाही. तामिळनाडूत करुणानिधी १९५७ ते २०१६ या काळात तेरा वेळा निवडून आले. मतदारसंघ मात्र ते बदलत राहिले. केरळात के. एम. मणी एकट्या पाला मतदारसंघातून तेरा वेळा विजयी झाले. देशमुखांचे वैशिष्ट्य निराळ्या ठिकाणी आहे. करुणानिधींच्या मागे राज्याची सत्ता अनेकदा होती, मणी वर्षानुवर्षे अर्थमंत्री होते. सांगोल्याचा आमदार बहुतेक सर्व काळ विरोधी बाकांवर बसला, आणि तोही उत्तरोत्तर आकसत जाणाऱ्या एका पक्षाच्या झेंड्याखाली. १९६२ ते १९७२, १९७४ ते १९९५ आणि १९९९ ते २०१९ अशा तीन खंडांची बेरीज केली, तर ती पन्नास वर्षांच्या पुढे जाते.

पहिला विजयच प्रवाहाच्या विरुद्ध होता. संयुक्त महाराष्ट्र पदरात पडल्यानंतरची १९६२ ची ती निवडणूक. २६४ पैकी २१५ जागा काँग्रेसने जिंकल्या. यशवंतराव चव्हाणांच्या 'बेरजेच्या राजकारणा'ने शेकापची अनेक मातब्बर मंडळी आपल्याकडे ओढून घेतली होती. सहकारी साखर कारखाना, जिल्हा बँक आणि नव्याने स्थापन झालेली जिल्हा परिषद ही त्या ओढीची साधने होती. ज्या पक्षाने १९५० साली दाभाडी प्रबंध स्वीकारून मार्क्सवादाची कास धरली, त्याच पक्षातून ग्रामीण महाराष्ट्राच्या नव्या सत्ताधारी वर्गाचे कार्यकर्ते तयार व्हावेत, हा इतिहासातील एक कटू प्रकार म्हणावा लागेल. जे गेले नाहीत, त्यांत पेशाने वकील असलेला हा तरुण आमदार होता.

पुढची निवडणूकही त्यांनी जिंकली. १९७२ साली मात्र ते हरले. राज्यात २७० पैकी २२२ जागा मिळवणाऱ्या काँग्रेसच्या लाटेत शेकाप सात जागांवर आला. त्याच वर्षी पाऊस गेला आणि महाराष्ट्रावर शतकातील एक भीषण दुष्काळ कोसळला. माण नदीच्या काठचा हा तालुका मुळातच कोरडा. लाखो शेतकरी आणि शेतमजूर खडी फोडण्याच्या कामावर गेले. कामासाठी, मजुरीसाठी, धान्यासाठी डाव्या पक्षांनी राज्यभर मोर्चे काढले. १९७४ च्या पोटनिवडणुकीत सांगोल्याने देशमुखांना पुन्हा विधानसभेत पाठवले.

वि. स. पागे यांनी साठच्या दशकात तासगाव तालुक्यातील विसापुरात आजमावलेली कल्पना या दुष्काळाच्या रेट्याने राज्याची योजना बनली. कामाचा हक्क मान्य करणारा रोजगार हमी कायदा १९७७ साली संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. त्यासाठी शहरातील पगारदारांवर व्यवसाय कर बसला. कायदा संमत होत असतानाच्या काळात, १९७७-७८ मध्ये, देशमुख विधानसभेतील विरोधी पक्षनेते होते. तो अमलात आला तेव्हा ते पुरोगामी लोकशाही दलाच्या मंत्रिमंडळात मंत्री होते. १९६२ पासून कृष्णराव धुळप, दि. बा. पाटील आणि देशमुख असे शेकापचेच तीन नेते पाठोपाठ विरोधी पक्षनेतेपदावर आले, हे आजच्या पिढीच्या कानावरही नसते.

सांगोल्याच्या यशाचे कारण विचारले की जाणते लोक लगेच जातीकडे बोट दाखवतात. तालुक्यात धनगर समाज मोठा आहे आणि देशमुख त्या समाजाचे होते. जातीचा आधार त्यांना मिळालाच नाही, असे कोणी म्हणणार नाही. परंतु १९७२ आणि १९९५ साली तालुक्याची सामाजिक रचना तीच होती आणि उमेदवारही तोच होता. तरीही पराभव झाला. १९९५ चा पराभव तर अवघ्या १९२ मतांचा, काँग्रेसचे शहाजीबापू पाटील यांच्याकडून. केवळ जातीने जे विजय समजावून सांगतात, त्यांना हे दोन पराभव समजावून सांगता येत नाहीत.

या दुसऱ्या पराभवाच्या आगेमागे चाललेला लढा कारकिर्दीतील सर्वांत भरीव भाग ठरावा. कृष्णा पाणी तंटा लवादाने, म्हणजेच बच्छावत लवादाने, १९७६ साली महाराष्ट्राला ५६० टी.एम.सी. पाणी दिले होते आणि ३१ मे २००० नंतर त्या निवाड्याचा फेरविचार होऊ शकणार होता. तोपर्यंत पाणी अडवले आणि वापरले नाही, तर हक्कच धोक्यात येईल, ही भीती होती. सरकार ढिम्म होते. नदीकाठचे बागायतदार ऊस पिकवत होते आणि घाटमाथ्यापलीकडचा शेतकरी ऊसतोडणीला जात होता. १९९३ पासून क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, गणपतराव देशमुख आणि भारत पाटणकर यांच्या नेतृत्वाखाली तेरा दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदा आटपाडीत भरू लागल्या. मागणी केवळ धरणांची नव्हती. समन्यायी वाटपाची होती. पाणी कोणाला, किती, आणि भूमिहीनाचा त्यात वाटा काय, हा प्रश्न तिथे उघडपणे विचारला गेला. टेंभू आणि म्हैसाळ उपसा योजनांचे पाणी पुढे दुष्काळी पट्ट्यात पोहोचू लागले. वाटपाचे तत्त्व मात्र योजनांच्या कागदांत फारसे उतरले नाही. पाणी आले, समता मागे राहिली.

१९९९ साली मतदारांनी त्यांना परत निवडून दिले आणि ते विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात गेले. आयुष्यभर ज्या साखरसम्राटांशी झगडा केला, त्यांच्याच सरकारात बसणे कितपत योग्य होते? जातीय शक्तींना सत्तेबाहेर ठेवण्याची गरज त्या वेळी खरी होती. पण २००२ साली शेकापने पाठिंबा काढून घेतला, तो रायगड जिल्हा परिषदेतील राष्ट्रवादी काँग्रेसबरोबरच्या भांडणावरून; शेतकऱ्यांच्या एखाद्या प्रश्नावरून नव्हे. ही गोष्ट नोंदवल्यावाचून पुढे जाता येत नाही.

त्यांनी उभारलेल्या संस्थांत सूतगिरणी सर्वांना ठाऊक आहे. कापूस न पिकणाऱ्या तालुक्यात सहकारी सूतगिरणी चालवून दाखवणे, आणि तेही राज्यातील कित्येक गिरण्या बुडत असताना, ही सोपी गोष्ट नव्हती.

आता दुसरी बाजू. १९६७ साली शेकापचे १९ आमदार होते, १९७८ साली १३, १९९० साली ८, १९९५ साली ६ आणि २००४ साली अवघे २. सांगोल्याचा बुरूज शाबूत होता आणि किल्ल्याची तटबंदी ढासळत होती. २०१४ साली, वयाची पंच्याऐंशी उलटल्यावर, देशमुखांनी शहाजीबापू पाटलांना सुमारे २५ हजार मतांनी हरवून अकरावा विजय मिळवला. मोदी लाटेच्या त्या वर्षी राज्यात पक्षाला मिळाल्या तीन जागा. एका मतदारसंघात पाच दशके टिकणारे संघटन शेजारच्या तालुक्यात का रुजले नाही, याचे उत्तर देशमुखांच्या गुणांत सापडणार नाही आणि त्यांच्या दोषांतही नाही. ते पक्षाच्या राज्यव्यापी कार्यपद्धतीत शोधावे लागेल. आमदार निवडून आणण्याचे यंत्र आणि वर्गीय लढ्याची संघटना यांतील अंतर डाव्या चळवळीतील सर्वांनाच कधी ना कधी मोजावे लागले आहे.

२०१९ साली देशमुख उभे राहिले नाहीत. नातू अनिकेत देशमुख ७६८ मतांनी हरले, शहाजीबापू पाटील शिवसेनेच्या तिकिटावर आले आणि २०२२ च्या जूनमध्ये गुवाहाटीच्या हॉटेलातून केलेल्या एका संभाषणाने देशभर गाजले. ज्या जागेवरून पन्नास वर्षे दुष्काळ बोलला जात होता, तिची ओळख 'काय झाडी, काय डोंगार' या शब्दांनी व्हावी, ही त्या काळाची नोंद आहे. २०२४ साली दुसरे नातू बाबासाहेब देशमुख यांनी ही जागा परत मिळवली, तीही मित्रपक्ष म्हणवणाऱ्या शिवसेनेचा (उद्धव ठाकरे गट) उमेदवार समोर उभा असताना. २८८ जणांच्या त्या सभागृहात शेकापचा निवडून आलेला हा एकच सदस्य. दोन्ही वेळा उमेदवार एकाच घरातून यावा लागला, यावर सांगोल्यातील कार्यकर्त्यांत आजही दोन मते आहेत.