घर आणि डेरा



अध्यक्षपदासाठी माझी निवड केलीत, मनापासून आभार. वर्षभरातल्या संशोधनाचा आढावा अध्यक्षाने घ्यावा अशी आपली प्रथा आहे. तो छापून तुमच्या पिशवीत दिला आहे आणि सचिवांनी तो उत्तम केला आहे. मला आज एकाच गोष्टीवर बोलायचं आहे. तेहेतीस वर्षं फील्डवर काढली, त्यातली निदान बारा वर्षं ती मनात घेऊन फिरते आहे.

सकाळच्या सत्रात वाद झाला. आरोग्य सर्वेक्षणाला स्थानिक माणसं घ्यावीत, की कुठूनही आलेली चालतील? एक बाजू म्हणाली, मराठी न येणारा मुलगा मावळातल्या बाईशी काय बोलणार? दुसरी म्हणाली, बाहेरून आलेल्यांशिवाय पुण्यात प्रयोगशाळा उभ्याच राहिल्या नसत्या. तेही खरंच. आंबेडकर रस्त्यावरची विषाणू संस्था १९५२ साली रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने सुरू झाली. २०२० मध्ये कोविड आला तेव्हा तिच्या संचालक डॉ. प्रिया अब्राहम वेल्लोरहून आलेल्या होत्या. पण मोठ्या खुर्चीवर आलेल्या माणसाला सामावून घेणं सोपं असतं. मी बोलते आहे ते खालच्या खुर्च्यांबद्दल.

हिंजवडीपलीकडे एका बांधकामाच्या लेबर कॅम्पमध्ये आम्ही मुलांच्या पोषणाचा अभ्यास करत होतो. पत्र्याच्या खोल्या, मधून वाहणारं सांडपाणी, दारात वाळत घातलेले कपडे. प्रश्नावलीतला तिसरा प्रश्न होता, ‘आपके घर में कितने लोग हैं?’ उत्तरं यायची नऊ, अकरा, चौदा. दहा बाय दहाच्या खोलीत चौदा माणसं! खोलीतलं धान्य माणशी वाटलं, तर कागदावर सगळा कॅम्प उपाशी दिसायला लागला. साडेतीन महिन्यांत सहाशे फॉर्म भरून झाले होते. आकडे काही जुळेनात, म्हणून मी संगणकाच्या खोलीत गेले. जहानाबादकडचा एक मुलगा तिथे डेटा भरायचा. त्याने फॉर्मवर बोट ठेवलं आणि म्हणाला, “मॅडम, ये तो डेरा है. घर तो गाँव में है.”

कामाच्या गावी राहण्याची जागा म्हणजे डेरा. घर एकच, गावाकडचं. बायकांनी सासू-सासरे, दीर-जावा, त्यांची पोरं अशी सगळी मोजून सांगितली होती. त्यांनी खरं तेच सांगितलं, चुकीचा होता आमचा प्रश्न. तो पाच डॉक्टरांनी दोन दिवस बसून तयार केला होता, त्यात मीही होते.

मी त्याला विचारलं, आधी का नाही बोललास? तो म्हणाला, मीटिंगला डेटावाल्यांना बोलवत नाहीत.

सगळे फॉर्म पुन्हा भरले. शोधनिबंध छापून आला तेव्हा लेखकांची आठ नावं होती. त्याचं नाव आभारात, शेवटच्या ओळीत. अकरा महिन्यांचा करार संपला, तो पुढे वाढवला गेला नाही. मी तेव्हा गप्प बसले. ते गप्प बसणं मला आजही बोचतं, म्हणून आज बोलते आहे.

याच पुण्यात डॉ. बानू कोयाजींनी आपल्याला वाट दाखवली होती. त्या मुंबईच्या पारशी घरातल्या. पुण्यात येऊन त्यांनी केईएम रुग्णालय वाढवलं आणि सत्तरच्या दशकात शिरूर तालुक्यात वढू बुद्रुकला ग्रामीण आरोग्याचं काम उभं केलं. गावातल्याच बायका-माणसांना शिकवून त्यांनी आरोग्याच्या कामाला लावलं. कारण कुठल्या बाईला कुठला प्रश्न कसा विचारायचा, हे गावालाच माहीत. मग मला सांगा, लेबर कॅम्पमध्ये स्थानिक कोण? सदाशिव पेठेत वाढलेली मी, की जहानाबादचा तो मुलगा? सकाळच्या वादाचं माझ्यापुरतं उत्तर हे आहे. ज्यांचा अभ्यास करायचा, त्यांच्यातला माणूस तिथला स्थानिक. तो प्रश्नावली तयार होताना समोर हवा, भरलेले फॉर्म उतरवायला नंतर नव्हे.

बाहेरचा माणूस उपयोगी पडतो तोवर आपला असतो आणि चूक झाली की परका होतो, हेही आपल्याकडे जुनंच आहे. वाल्डेमार हाफकिन ओडेसाचे ज्यू. १८९६ मध्ये प्लेगने मुंबई हादरली तेव्हा ते तिथे आले आणि १० जानेवारी १८९७ रोजी आपली लस त्यांनी आधी स्वतःला टोचून घेतली. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी लस दिलेली १९ माणसं धनुर्वाताने गेली. ठपका हाफकिन यांच्यावर आला, त्यांना कामावरून दूर केलं गेलं. बाटली गावात उघडताना दूषित झाली असावी, हे पटवून घ्यायला सरकारला १९०७ उजाडलं. परळच्या संस्थेला त्यांचं नाव मिळालं ते १९२५ मध्ये.

आणि आपली आनंदीबाई? फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातला १८८५ सालचा एक फोटो तुम्ही पाहिला असेल. नऊवारीतली आनंदीबाई, शेजारी जपानची केई ओकामी आणि सीरियाची सबात इस्लांबूली, तिघी आपापल्या देशाच्या वेशात. पुढच्याच वर्षी आनंदीबाई डॉक्टर झाली. तिचा प्रबंध आपल्याकडच्या बाळंतपणाच्या पद्धतींवर होता, आणि त्या महाविद्यालयाने तो मान्य केला. तिने सोबत नेलेलं ज्ञान तिथे ज्ञान ठरलं. या फोटोचा अभिमान बाळगणाऱ्या आपण, मणिपूरहून आलेल्या टेक्निशियन मुलीला दुपारच्या डब्याला शेजारी बसवतो का? एका प्रयोगशाळेत मी पाहिलं आहे. दिवसाला दोनशे नमुने तपासणारी ती मुलगी खिडकीशी एकटी जेवायची. तिच्या डब्याच्या वासावर बोलणं चालायचं, तेही मराठीत, तिला कळत नाही असं समजून. तिला सगळं कळत होतं. तिने चार वर्षांत मराठी शिकून घेतली होती.

या वर्षात एक छोटा गट नेमावा असं माझ्या मनात आहे. संमतीपत्रं ओडिया, नेपाळी, भोजपुरीत नीट करून घेणं आणि करारावरच्या सहकाऱ्यांना लेखकाचा मान कधी द्यायचा याचा नियम ठरवणं, ही कामं त्याने हाती घ्यावीत. पैशाची सोय आणि बाकी तपशील कार्यकारिणीत बोलू.

एक गोष्ट मात्र आजच करता येईल. सकाळपासून बाहेर नोंदणीच्या टेबलावर जी मुलं-मुली बसली आहेत, ती आपल्याच प्रकल्पांत काम करतात. मी त्यांच्याशी बोलले. कुणी बालासोरचं आहे, कुणी गयेचं, कुणी इंफाळचं. दुपारचं सत्र प्रश्नावल्यांवर आहे. त्यांना आत बोलवा आणि पहिलं बोलणं त्यांचं ऐका.