गुणपत्रकाने घडवलेलं संगीत



संमेलनाध्यक्षाने आपल्या वादनपरंपरेचे गोडवे गावेत असा रिवाज आहे. ते काम माझ्याआधीच्या वक्त्यांनी यथासांग पार पाडलं आहे, तेव्हा मी मोकळा झालो. मी आज अमेरिकेतल्या ड्रम कोअरविषयी बोलणार आहे. परदेशाचं कौतुक करण्याचा माझा हेतू नाही. ढोल-ताशाच्या स्पर्धा आता आपल्याकडेही भरू लागल्या आहेत आणि स्पर्धा वाजवणाऱ्याचं काय करते हे ज्या मंडळींनी शंभर वर्षं अनुभवलं, त्यांच्याकडे एकदा नीट पाहून घ्यावं, एवढाच हेतू आहे.

ड्रम कोअर म्हणजे पितळी वाद्यं, तालवाद्यं आणि निशाणं. बासरी नाही, क्लॅरिनेट नाही, सॅक्सोफोन नाही. वाजवणारी मुलंमुली साधारण एकवीस-बावीस वर्षांपर्यंतची. त्यापुढे पथक सुटलं. सगळा उन्हाळा बसमधून गावोगाव फिरायचं, शाळांच्या व्यायामशाळेत जमिनीवर झोपायचं, दिवसभर उन्हात तालीम करायची आणि रात्री शंभर यार्ड लांबीच्या फुटबॉल मैदानावर अकरा-बारा मिनिटांचा एकच कार्यक्रम सादर करायचा. ऑगस्टमध्ये अंतिम फेरी असते. गेली कित्येक वर्षं ती इंडियानापोलिसच्या लुकास ऑइल स्टेडियममध्ये होते.

याची सुरुवात पहिल्या महायुद्धानंतर झाली. लढाईवरून परतलेल्या सैनिकांनी आपापल्या संघटनांच्या शाखांमधून ही पथकं काढली. पुढे त्यांच्या मुलांची पथकं निघाली. चर्चने काढली, बॉय स्काउटवाल्यांनी काढली. न्यू जर्सीतल्या गारफिल्डच्या चर्चचं ‘होली नेम कॅडेट्स’ १९३४ चं, शिकागोचं ‘कॅव्हेलियर्स’ १९४८ चं. घराणं लष्करी, त्यामुळे वळणही लष्करीच. ताठ रांगा, गणवेशाची तपासणी, राष्ट्रध्वजाला मानवंदना. मैदानाच्या मध्यरेषेच्या डावीकडे जे घडेल, तेच आरशात पाहावं तसं उजवीकडे घडायचं.

वाद्यही लष्करी छावणीतलंच होतं. शाळेच्या बँडात किंवा घोषात ज्यांनी बिगूल फुंकलं आहे त्यांना मी सांगायला नको. साध्या बिगुलातून सा, ग, प, वरचा सा असे मोजकेच स्वर निघतात. अमेरिकन पथकांनी त्याला एक पिस्टन बसवला, तेव्हा सा-ग-पच्या जोडीला प-नि-रे आले. मधल्या सप्तकात मध्यम आणि धैवत मात्र अडूनच राहिले. अशा वाद्यावर चार आवाजांत सिम्फनीचा तुकडा बसवणारे जे संयोजक होते, त्यांच्याविषयी मला फार आदर आहे. जो स्वर एका मुलाच्या बिगुलात नाही, तो दुसऱ्या लांबीच्या बिगुलातून काढायचा आणि ऐकणाऱ्याला सांधा कळू द्यायचा नाही, अशी ती कारागिरी होती. दुसऱ्या पिस्टनला परवानगी मिळाली १९७७ मध्ये आणि तिसऱ्याला १९९० मध्ये. ट्रम्पेटला जे जन्मतःच मिळालेलं असतं, ते इथे एवढ्या उशिरा आलं. कारण तंत्र नव्हतं असं नाही. नियमपुस्तक आडवं येत होतं.

माझा आजचा मुद्दा हाच आहे. या कलेचा इतिहास संगीतकारांच्या नावांनी सांगता येतो, पथकांच्या नावांनी सांगता येतो. पण मला तो नियमपुस्तकातल्या ठरावांत आणि परीक्षकांच्या कागदावर जास्त स्पष्ट दिसतो.

जुनी परीक्षणपद्धत ‘टिक’ची होती. परीक्षक हातात पाटी आणि पेन्सिल घेऊन मैदानात उतरायचे आणि चालत्या रांगांमधून फिरायचे. ड्रमच्या रांगेपाशी वाकून ऐकायचे. एका मुलाची काडी शेजाऱ्यापेक्षा किंचित उशिरा पडली की कागदावर एक रेघ. पाऊल रांगेबाहेर पडलं, रेघ. दर रेघेला एक दशांश गुण वजा. सुरुवातीला पदरात पूर्ण गुण, आणि तिथून पुढे फक्त गळती. अशा हिशेबात शहाणा पथकप्रमुख काय करील? जे बिनचूक वाजेल तेच बसवील. अवघड लय लिहिली की रेघा वाढणार. ती न लिहिण्याचा दंड मात्र काही नाही. त्या काळातली सफाई अफाट होती, हे जुन्या ध्वनिमुद्रणांवरून आजही कळतं. पण ती सफाई कशासाठी, हा प्रश्न कागदावर कुठेच नव्हता.

१९७१ मध्ये पथकप्रमुखांनी बंड केलं. नियम माजी सैनिकांच्या संघटनांचे, बक्षिसाच्या रकमाही त्यांनीच ठरवायच्या, आणि घाम मात्र मुलांचा. वायोमिंगमधल्या कॅस्परच्या ‘ट्रूपर्स’चे जिम जोन्स आणि ‘कॅव्हेलियर्स’चे डॉन वॉरेन यांनी पुढाकार घेतला आणि ‘ड्रम कोअर इंटरनॅशनल’ उभी राहिली. पहिली अजिंक्यपद स्पर्धा १९७२ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटर इथे झाली आणि कॅलिफोर्नियाच्या ‘ॲनाहाइम किंग्जमेन’ने ती जिंकली. आता नियम वाजवणाऱ्यांच्या माणसांच्या हाती आले, आणि मग ते दरवर्षी बदलू लागले.

तालवाद्यांचं उदाहरण घ्या. तेव्हा टिंपनीसुद्धा मुलं अंगावर बांधून चालायची. प्रत्येकाकडे एक भांडं, आणि चारपाच जण मिळून एक स्वरसंच! १९८२ मध्ये वाद्यं मैदानाच्या कडेला जमिनीवर ठेवायला परवानगी मिळाली. मरिंबा, व्हायब्राफोन, मोठाल्या झांजा, घंटा अशी सगळी फौज पुढे येऊन बसली आणि तिच्यामागे सबंध ऑर्केस्ट्राचं वाङ्मय आलं. चालणाऱ्यांचे ड्रमही बदलले. केव्हलारची पानं आली, ताण इतका वाढला की स्नेअर कडकडीत बोलू लागला. एकेक बोल सुटा ऐकू यायला लागल्यावर लिहिणाऱ्यांनी बोलांची गर्दी केली. चामड्याचं पान जाऊन फायबरचं आल्यावर आपल्या ढोलाचं काय झालं, ते इथल्या जुन्या मंडळींनी मनाशी ताडून पाहावं.

चालींमधली खरी उलथापालथ ‘गारफिल्ड कॅडेट्स’ने, म्हणजे पूर्वीच्या ‘होली नेम कॅडेट्स’ने केली. गंमत म्हणजे १९८३ मध्ये, टिक अजून जिवंत असतानाच! रॉन नेल्सन यांचं ‘रॉकी पॉइंट हॉलिडे’ हे वाजवायला अवघड संगीत, आणि जॉर्ज झिंगाली नावाच्या रचनाकाराने आखलेल्या चाली. झिंगालीने आरसा फोडला. डावी-उजवी बाजू सारखी राहिलीच नाही. एक आकृती पुरती बनते न बनते तोच तिच्या पोटातून दुसरी निघायची. रांगा ताणल्या जायच्या, वळायच्या, एकमेकींतून आरपार जायच्या, आणि हे सगळं धावत्या लयीत, तोंडाला पितळ लावून. चुकायला भरपूर जागा होती. तरीही ते पथक १९८३, १९८४, १९८५ असं सलग तीन वर्षं अजिंक्य राहिलं. १९८४ पासून टिकची पद्धत बंद झाली. आता परीक्षक शून्यापासून वर गुण देऊ लागले. किती कठीण गोष्ट हाती घेतली आणि ती किती साधली, दोन्हींचा विचार व्हायला लागला. कागद बदलला आणि दहा वर्षांत मैदान ओळखू येईनासं झालं.

एकामागून एक चार लोकप्रिय गाणी वाजवण्याची रीत मागे पडली आणि सबंध कार्यक्रमाला एक विषय आला. ‘कॅडेट्स’ने १९८४ मध्ये बर्नस्टाइनची ‘वेस्ट साइड स्टोरी’ मांडली. फ्लोरिडाच्या ‘सनकोस्ट साउंड’ने पुढच्याच वर्षी पूर्णपणे नवं, स्वतःसाठी लिहून घेतलेलं संगीत वाजवलं. निशाणं घेऊन उभी राहणारी तुकडी नाचू लागली, अभिनय करू लागली.

आणि मग १९९३. ‘स्टार ऑफ इंडियाना’ने सॅम्युअल बार्बरचं ‘मेडिया’ आणि बार्टोकचं संगीत घेऊन असा कार्यक्रम केला की अनेक प्रेक्षकांना तो पचलाच नाही. कोरडा, टोकदार, टाळीसाठी जागा न सोडणारा. वाजवणारी मुलं वाजवता वाजवता सबंध शरीराने हलत होती. ‘कॅडेट्स’ला ९७.४ आणि ‘स्टार’ला ९७.३ गुण मिळाले. एक दशांशाने हरले! जुन्या पद्धतीतली एक रेघ. त्यानंतर त्यांनी स्पर्धाच सोडली आणि रंगमंचाची वाट धरली. तिथून ‘ब्लास्ट’ हा प्रयोग निघाला, १९९९ मध्ये लंडनला गाजला, २००१ मध्ये ब्रॉडवेवर गेला आणि टोनी पुरस्कार घेऊन आला. मैदानावर आजही जे दिसतं, त्यातलं कितीतरी त्या हरलेल्या कार्यक्रमातून आलं आहे. त्या वर्षीच्या विजेत्यांचा मान राखूनच मी हे म्हणतो.

पुढचे ठराव झटपट सांगतो. २००० पासून बिगुलाच्या स्वरपट्टीचं बंधन गेलं, नेहमीची ट्रम्पेटं आली. २००४ मध्ये ध्वनिवर्धक आले, २००९ मध्ये सिंथेसायझर, २०१४ मध्ये ट्रोम्बोनसकट सगळी पितळी वाद्यं. दरवेळी जुनी मंडळी म्हणाली, संपलं सगळं. काही वेळा त्यांचं चुकलं. मायक्रोफोन आल्यामुळे मरिंबा वाजवणाऱ्या पोरांची सुटका झाली. पूर्वी शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवायला ती कठीण काठ्यांनी लाकडाच्या पट्ट्या बडवायची, आता हळुवार वाजवू शकतात. सिंथेसायझरबद्दल मात्र मी जुन्यांच्या बाजूचा आहे. खर्जाचा जो घुमारा ट्यूबावाल्यांनी छाती फोडून आणायचा, तो एका कळीने येतो. ऐकणाऱ्याच्या पोटात थरथर होते, पण ती कोणी कमावली हे कळत नाही.

रूपही पार बदललं. ओहायोच्या ‘ब्लूकोट्स’ने २०१६ मध्ये टोप्या उतरवल्या, लष्करी कोट उतरवले, मैदानात उतरणी मांडल्या आणि अजिंक्यपद घेतलं. कॅलिफोर्नियाच्या ‘ब्लू डेव्हिल्स’ने दादावाद या कलाचळवळीवर, फेलिनीच्या चित्रपटांवर कार्यक्रम केले. २०१४ च्या त्यांच्या फेलिनीच्या प्रयोगाला शंभरपैकी ९९.६५ गुण मिळाले. उरलेले पस्तीस शतांश कुठे गेले, हे परीक्षकांनाच ठाऊक.

आता जमाखर्चातली दुसरी बाजू. १९७० च्या आसपास त्या देशात अशी शेकडो पथकं होती. गल्लीतली पोरं, चर्चची पोरं, कोणी दहा-बारा वर्षांचंसुद्धा. आज काही डझनच उरली आहेत. देशभरातून, परदेशांतूनही, चाचण्या देऊन मुलं येतात आणि एका उन्हाळ्यासाठी हजारो डॉलर भरतात. बहुतेक संगीताचे विद्यार्थी. कार्यक्रम जसजसा थोर झाला, तसतसा तो बसवायला लागणारा पैसा वाढला आणि माणसंही. रचनाकार, नृत्यदिग्दर्शक, ध्वनितंत्रज्ञ, सामानाचे ट्रक. नव्वद वर्षं चाललेलं ‘कॅडेट्स’ २०२४ मध्ये बंद झालं. त्याची कारणं वेगळी होती, पण एवढा डोलारा एकदा डळमळला की गल्ली आता त्याच्यामागे उभी नसते. गुणपत्रकात ‘तुमच्या वस्तीतली किती मुलं वाजवतात’ असा रकाना कधीच नव्हता. जे मोजलं गेलं नाही, ते कोणी सांभाळलं नाही.

आपल्याकडे पथकाची ताकद अजून वस्तीत, शाळेत, कॉलेजात आहे. ज्ञान प्रबोधिनीने पुण्यात शाळकरी मुलांच्या हाती ढोल दिला, तेव्हा कोणी गुण द्यायला बसलं नव्हतं. आज स्थिर वादनाचे प्रयोग होतात, ते बघायला लोक मुद्दाम येतात, मुली बरोबरीने ताशा धरतात. अमेरिकेतल्या मराठी मंडळांनीही आपापली पथकं उभी केली आहेत. स्पर्धा वाढणार आहेत आणि त्यांना माझा विरोध नाही. स्पर्धेशिवाय झिंगाली झाला नसता.

म्हणून आयोजकांना माझी विनंती आहे. पुढच्या हंगामाचं गुणपत्रक छापण्याआधी ते वादकांसमोर ठेवा. ढोलांची संख्या आणि आवाजाचा दणका यांना गुण दिलेत, तर तीन वर्षांत सगळीकडे संख्या आणि दणकाच मिळेल. फक्त चुका मोजल्यात, तर सगळी पथकं तेच चार ठरलेले ताल वाजवतील. नव्या तालाला गुण ठेवा, तो अंगावर घेण्याच्या धाडसाला ठेवा, ताशाच्या हाताच्या नजाकतीला ठेवा. आणि एक रकाना, लहान का होईना, यंदा पथकात नव्याने वाजवायला शिकलेल्या मुलांसाठी ठेवा. या संमेलनात ठराव मांडायची वेळ उद्या सकाळची आहे. हा ठराव मी स्वतः मांडणार आहे, अनुमोदनाला कोणीतरी उभं राहावं.