कानांनी पाहिलेला नट : ‘पुन्हा प्रपंच’चे पंत

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



गणपतीच्या मांडवात नटाविषयी बोलायचं ठरलं की, नाव घेताच ज्याचा चेहरा डोळ्यांपुढे येईल असाच नट आपण निवडतो. आज आम्ही निवडलेल्या नटाचा चेहरा इथल्या फार थोड्या लोकांनी पाहिला असेल. पण पुढच्या रांगेतल्या आजी-आजोबांजवळ नुसतं ‘पुन्हा प्रपंच’ म्हणून पाहा. त्यांना लगेच तीन माणसं आठवतील : टेकाडे भावजी, मीना वहिनी आणि पंत. टेकाडे भावजी म्हणजे प्रभाकर जोशी, मीना वहिनी म्हणजे नीलम प्रभू आणि पंत म्हणजे बाळ कुडतरकर. आज आम्ही या पंतांविषयी बोलणार आहोत, आणि त्यांच्या निमित्ताने आपल्या घरातल्या मराठीविषयीही.

मुलांना ही गोष्ट जुनी वाटेल, म्हणून आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो. मुंबईचं नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झालं. ते चालवणारी खासगी कंपनी लवकरच बुडाली आणि कारभार सरकारकडे गेला. १९३६ मध्ये ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव आलं, पुढे ‘आकाशवाणी’ हे नाव रूढ झालं. त्या काळी रेडिओ घरात आणणं म्हणजे लहानसा समारंभच. पोस्टात जाऊन वर्षाच्या परवान्याचे पैसे भरायचे, छतापाशी एरियल बांधायची आणि बटण फिरवल्यावर सेट तापेपर्यंत सगळ्यांनी गप्प बसायचं. खानदेशातल्या आमच्या गावांत एखाद्याच घरी रेडिओ असे, आणि त्या घराच्या ओट्यावर अर्धी आळी बसलेली असे. मध्यम लहरींवरचा आवाज रात्री लांबवर जातो. त्यामुळे दिवसा खरखरणारं मुंबई केंद्र अंधार पडला की स्वच्छ लागायचं. १९५५-५६ साली पुणे केंद्रावरून ‘गीतरामायण’ लागायचं, तेव्हा लोक रेडिओला हार घालून, उदबत्ती लावून ऐकायला बसत. आवाजावर माणसं इतका जीव टाकत होती.

अशा काळात बाळ कुडतरकर मुंबई केंद्रावर काम करत होते. ते निवेदक होते आणि नभोनाट्यांतले नटही होते. गिरणगावातल्या कामगारांसाठी ‘कामगार सभा’, घरातल्या बायकांसाठी ‘वनिता मंडळ’ असे केंद्राचे कार्यक्रम असत. अशा कार्यक्रमांतून त्यांचा आवाज घरोघर पोचला. सिनेमागृहात मूळ चित्रपटाआधी माहितीपट दाखवले जात, त्यांच्या मराठी निवेदनासाठीही त्यांचा आवाज ओळखीचा झाला. म्हणजे ज्याला पंत माहीत नव्हते, त्यानेही त्यांचा आवाज कुठे ना कुठे ऐकलेला असायचा.

पण लोकांनी मनात जपले ते पंतच. ‘पुन्हा प्रपंच’मध्ये राजे नव्हते, खलनायक नव्हते. तिघं जण घरात बसून बोलायचे. महागाई, पाहुणे, मुलांची शाळा, शेजारपाजार, सार्वजनिक स्वच्छता, असे विषय असायचे. लोकशिक्षण करणं हे आकाशवाणीचं कामच होतं. पण तेच कोणी भाषण ठोकून सांगितलं असतं, तर आमच्या वडीलमंडळींनी रेडिओ बंद केला असता. टेकाडे भावजी काहीतरी तिरकं बोलायचे, वहिनी त्यांना अडवायच्या आणि पंत सबुरीने गोष्ट मार्गाला लावायचे. त्यात आपल्याला काही शिकवलं गेलं, हे ऐकणाऱ्याच्या लक्षातही येत नसे.

हे वाटतं तितकं सोपं नाही. रंगभूमीवरच्या नटाला वेष आहे, रंग आहे, हातवारे आहेत. एखादं वाक्य विसरलं तर तो नजरेने वेळ मारून नेतो. नभोनाट्यातल्या नटाजवळ यातलं काही नाही. त्याच्या हातात कागद असतात, आणि ते कागद उलटताना सळसळ होऊ द्यायची नाही. लांबून हाक मारायची तर मायक्रोफोनपासून मागे व्हायचं, कानात सांगायचं तर अगदी जवळ यायचं. दार उघडल्याचा, कपबशीचा, पावलांचा आवाज बाजूला उभा असलेला माणूस काढतो, त्याच्याशी मेळ घालायचा. सुरुवातीच्या काळात बरंचसं थेट प्रसारित होत असे, तेव्हा चुकलं तर दुसरी संधी नाही. आणि सगळ्यांत अवघड म्हणजे समोरचा कागद वाचायचा, पण वाचतोय असं वाटू द्यायचं नाही. आमच्या मंडळात सूत्रसंचालन करणाऱ्यांनी हे करून पाहावं. पहिल्या दोन ओळींतच कळतं की आपण बोलत नाही, वाचतो आहोत. पंत बोलायचे.

आकाशवाणीतली काही मंडळी पडद्यापुढेही आली. त्याच केंद्रावर काम करणाऱ्या बबन प्रभूंनी आत्माराम भेंडे यांच्या जोडीने फार्स रंगभूमीवर गाजवले. ‘झोपी गेलेला जागा झाला’ आणि ‘दिनूच्या सासूबाई राधाबाई’ हे त्यांनी लिहिलेले फार्स. नीलम प्रभू या त्यांच्या पत्नी. पुढे त्या संगीतकार यशवंत देव यांच्या पत्नी झाल्या आणि करुणा देव या नावाने ओळखल्या गेल्या. पु. ल. देशपांडेही काही वर्षं आकाशवाणीत होते. या लोकांची नाटकं छापली गेली, त्यांचे प्रयोग पुन्हा होतात. ज्यांची खरी कमाई मायक्रोफोनपुढची, त्यांचं तसं नाही. थेट प्रसारण हवेत विरून गेलं, आणि टेप महाग होती म्हणून पुष्कळदा जुनं पुसून तिच्यावर नवं ध्वनिमुद्रण होई. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि हळूहळू घराचं तोंड रेडिओकडून पडद्याकडे वळलं. अशा नटाचं काम उरतं ते ऐकणाऱ्याच्या कानात. ऐकणारी पिढी गेली की तेही जातं.

आता आपल्या पर्वत पाटियाकडे येऊ. आपल्यातले पुष्कळ जण धुळे, नंदुरबार, जळगावकडून तापी लाइनच्या गाडीने उधन्याला उतरले आणि लूममध्ये किंवा कापड मार्केटमध्ये कामाला लागले. आपल्या घरात अहिराणी बोलत होतो. पंतांची मराठी मुंबईची होती. पुढे जळगाव केंद्र सुरू झालं तेव्हा रेडिओवर आपल्याकडची बोलीही ऐकू येऊ लागली. पण त्याआधीही पंतांची भाषा आपल्याला परकी वाटली नाही, कारण ती घरात बोलायची भाषा होती. त्या तिघांची नावंच पाहा : भावजी, वहिनी, पंत. अख्खा महाराष्ट्र त्यांना नात्याने ओळखत होता.

आज आपल्या मुलांच्या कानावर काय पडतं? शाळेत गुजराती किंवा इंग्रजी, मार्केटमध्ये हिंदी, मोबाइलवर सगळीच सरमिसळ. याचं दुःख करत बसण्यात अर्थ नाही. ज्या शहराने पोट भरलं त्याची भाषा मुलांना यायलाच हवी, आणि ती चांगली यावी. पण शेजारच्या काकूही आंटी आणि मामाही अंकल झाले, की शब्दाबरोबर नातंही सैल होतं. आजी अहिराणीत विचारते आणि नातू हिंदीत उत्तर देतो, हे आपण रोज ऐकतो. दोघांचं एकमेकांवर प्रेम आहे, पण गप्पा दोन वाक्यांपुढे जात नाहीत. सुरत महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळा आहेत, त्यांचं मोल मोठं आहे. तरीही भाषा आधी कानात शिरते, पाटीवर नंतर येते. पूर्वी कानात घालायचं काम आजी करायची आणि संध्याकाळी रेडिओ तिला हात लावायचा. आता रेडिओ कपाटावर गेला आणि आजी एकटी पडली.

म्हणून मंडळापुढे आमच्या दोन सूचना आहेत. दोन्हींना वर्गणी लागत नाही. पहिली, पुढच्या वर्षी नाचगाण्यांच्या कार्यक्रमात पंधरा मिनिटं श्रुतिकेसाठी ठेवावीत. मुलांनी पडद्याआड बसून वाचावं, आपण मांडवातले दिवे मंद करून ऐकावं. वाटी-चमच्यावर कपबशीचा आवाज काढायला मुलांना किती मजा येईल! विषय आपलेच घ्यावेत : पाण्याची वेळ, लूमची रात्रपाळी, गावाहून आलेले पाहुणे. दुसरी सूचना घरोघरची. हातात मोबाइल आहेच, तर या दहा दिवसांत आपल्या आजी-आजोबांचा आवाज त्यात भरून ठेवा. त्यांच्या लग्नाची गोष्ट विचारा, गाव सोडल्याचा दिवस विचारा, त्यांच्याच बोलीत बोलू द्या. आकाशवाणीच्या टेपा पुसल्या गेल्या, त्याला आपण काही करू शकत नाही. घरातला आवाज ठेवायचा की नाही, हे मात्र आपल्या हातात आहे.

बाळ कुडतरकरांनी आपल्या आवाजाच्या बळावर न पाहिलेल्या हजारो घरांत वडीलधाऱ्याची जागा मिळवली. आपल्या घरातला वडीलधारा तर समोरच बसलेला आहे. आज रात्री आरतीनंतर घरी गेल्यावर टीव्ही लावण्याआधी त्यांना एवढंच विचारा, “बाबा, तुमच्या वेळी रेडिओवर काय लागायचं?” आणि मग थोडा वेळ नुसतं ऐका.

गणपती बाप्पा मोरया!