श्यामला चुकायची मुभा आहे, सलमाला का नाही?



आज मला किशोरवयीन मुलामुलींच्या कादंबऱ्यांवर बोलायला सांगितलं आहे. इंग्रजीत ज्यांना ‘यंग ॲडल्ट’ किंवा नुसतं ‘वायए’ म्हणतात, त्या. साधारण बारा ते अठरा वर्षांच्या वाचकांसाठी लिहिलेल्या. माझं वय त्याच्या दुपटीकडे चाललं आहे, दिवसभर मी सॉफ्टवेअर लिहिते, तरी या कादंबऱ्या मी अजून वाचते. नवीन वाचते, जुन्या पुन्हा काढते. कारण हेच वय असं असतं की माणूस पहिल्यांदा ठरवतो: घरात काय बोलायचं, बाहेर काय बोलायचं आणि कुठेच काय बोलायचं नाही. यातली तिसरी यादी आपल्या समाजात फार लांब आहे. मी आज तिच्याबद्दलच बोलणार आहे.

सुरुवात तुम्हा सगळ्यांना माहीत असलेल्या पुस्तकाने करते. ‘श्यामची आई’. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ते लिहायला घेतलं, १९३५ साली ते छापून आलं. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी ते शाळेत वाचलं असेल, निदान त्यातला एखादा धडा तरी. सगळे म्हणतात, ही आईच्या प्रेमाची गोष्ट. मागच्या वर्षी मी ते पुन्हा वाचलं, तेव्हा माझं लक्ष आईपेक्षा श्यामकडे जास्त गेलं. बेचाळीस रात्री हा माणूस मित्रांना काय सांगतो? पोहायची भीती वाटते म्हणून आपण घरात कसे लपून बसलो. मोठं व्हायचं, पुस्तकं घ्यायची, म्हणून पैसे कसे चोरले. सावकाराचा माणूस दारात येऊन आईला कसा टाकून बोलला. गावात शिवाशिव कशी पाळली जात होती. घरातलं सगळं, जे चारचौघांत सांगायचं नसतं, ते तो सांगतो. आणि नव्वद वर्षं महाराष्ट्र ते प्रेमाने वाचतो.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. श्यामने पैसे चोरले हे वाचून कोणीही असं म्हणत नाही की कोकणातली ब्राह्मण मुलं अशीच असतात. श्यामची चोरी ही श्यामची असते. तेवढीच. त्याला चुकायची मुभा आहे, आणि म्हणून त्याला सुधारायचीही मुभा आहे. ‘श्यामची आई’ मोठी झाली ती या मुभेवर.

आता श्यामच्या जागी सलीम ठेवा, सलमा ठेवा. सलीमने पाहुण्याचे पैसे चोरले. सलमा अम्मीशी खोटं बोलली. वाचणारा लगेच विचारणार, “म्हणजे यांच्यात असंच असतं का?” आणि तो विचारायच्या आधीच आपल्या घरातलं कोणीतरी म्हणणार, “हे कशाला लिहिलंस? आधीच लोक कमी बोलतात का आपल्याबद्दल?” दोन्हीकडून अट एकच. गोष्टीत यायचं असेल तर निर्दोष होऊन ये.

ही अट मोडणाऱ्या तीन कादंबऱ्यांबद्दल सांगते. तिन्ही अमेरिका-कॅनडातल्या आहेत. तिथलं जगणं वेगळं आहे, पण ही अट तीच आहे.

पहिली, अँजी थॉमस यांची ‘द हेट यू गिव्ह’, २०१७ सालची. स्टार कार्टर ही सोळा वर्षांची काळी मुलगी. राहते गरीब काळ्या वस्तीत, शिकते श्रीमंत गोऱ्यांच्या शाळेत. शाळेत ती वेगळी भाषा बोलते, आवाज चढू देत नाही, कोणी ‘वस्तीतली’ म्हणू नये म्हणून. हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला. मोहल्ल्यातून निघून कॉलेजच्या गेटपर्यंत पोचेस्तोवर आपली बोली बदलते, ‘अब्बू’चे ‘बाबा’ होतात, हे इथे बसलेल्या किती जणांना वेगळं समजावून सांगायला हवं?

स्टारच्या डोळ्यांदेखत तिचा लहानपणचा मित्र खलील पोलिसाच्या गोळीने मरतो. त्याच्याकडे हत्यार नव्हतं. पण टीव्हीवर चर्चा सुरू होते ती खलील ड्रग्ज विकायचा का, याची. या कादंबरीची हिंमत इथे आहे. लेखिकेला खलीलला साधा, सरळ, अभ्यासू मुलगा करणं सोपं होतं. तिने तसं केलं नाही. खलील खरंच ड्रग्ज विकत होता. आईने करून ठेवलेल्या कर्जापायी विकत होता. आणि लेखिका म्हणते, तरीही त्याला मारणं अन्यायच होता. न्याय मागायला आधी चारित्र्याचा दाखला लागत नाही. शिवाय स्टार टीव्हीवर बोलते तेव्हा फक्त पोलिसांबद्दल बोलत नाही. खलीलला त्या धंद्यात ओढणाऱ्या आपल्याच वस्तीतल्या दादाबद्दलही बोलते. बाहेरचा अन्याय आणि घरातला अन्याय, दोन्ही एकाच तोंडाने. एक सांगितल्याने दुसरा हलका होत नाही.

दुसरी, एस. के. अली यांची ‘सेंट्स अँड मिसफिट्स’. हीसुद्धा २०१७ चीच. जॅना युसूफ पंधरा वर्षांची आहे, हिजाब वापरते, फोटो काढते, तिचे चाचा मशिदीचे इमाम आहेत आणि त्यांच्या ऑनलाइन प्रश्नोत्तरांचं संपादन ती करते. तिच्या मैत्रिणीचा चुलतभाऊ तिच्यावर जबरदस्ती करायचा प्रयत्न करतो. आणि हा मुलगा कोण? हाफिज. कुराण तोंडपाठ, सगळ्या खाला-फुफींचा लाडका. जॅना मनातल्या मनात त्याला राक्षस म्हणते, पण कितीतरी पानं ती तोंड उघडत नाही. ती कशाला घाबरते? आपल्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, याला. मैत्रीण तुटेल, याला. जमातीचं नाव खराब होईल, याला.

ही कादंबरी मी दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला. जॅनाचा नाही, तिच्या आजूबाजूच्या त्या सगळ्या भल्या माणसांचा, ज्यांना काहीच दिसत नाही. दुसऱ्यांदा वाचताना एक वेगळी गोष्ट दिसली. जॅनाच्या पाठीशी खंबीरपणे कोण उभी राहते? नकाब घालणारी सौसन. म्हणजे मदत बाहेरून कोणी तारणहार येऊन करत नाही, घरातूनच येते. जॅना नमाज सोडत नाही, हिजाब सोडत नाही. ती फक्त गप्प बसणं सोडते. कादंबरीत शाळेतल्या एका मुलावरच्या तिच्या ओढीचा भाग आहे, तो मला लांबलेला वाटला, हेही सांगते. पण ज्याची प्रतिमा स्वच्छ, त्याला कोणी प्रश्न विचारत नाही, ही गोष्ट इतक्या साध्या शब्दांत मी दुसरीकडे वाचलेली नाही.

तिसरी, सबा ताहिर यांची ‘ऑल माय रेज’. २०२२ साली तिला अमेरिकेचा नॅशनल बुक अवॉर्ड मिळाला, तरुण वाचकांच्या साहित्यासाठीचा. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातल्या छोट्या गावात एका पाकिस्तानी कुटुंबाचं मोटेल आहे. अम्मी मिस्बाह किडनीच्या आजाराने जाते. अब्बू दारूत बुडालेले. मुलगा सलाहुद्दीन मोटेल वाचवायला ड्रग्ज विकायला लागतो. त्याची मैत्रीण नूर भूकंपात घरदार गमावून चाचांकडे आलेली, आणि चाचा तिला मारतात.

दारू पिणारा मुसलमान बाप, मारणारा चाचा, ड्रग्ज विकणारा मुलगा. आपल्याबद्दल वाईट बोलू पाहणाऱ्याला आणखी काय हवं? पण कादंबरी वाचून खाली ठेवताना मला या सगळ्यांच्या नावाने दुआ करावीशी वाटली. संकटांवर संकटं जरा जास्तच येतात, एखादं कमी चाललं असतं. तरी सलाहुद्दीनच्या चुकीची शिक्षा नूरला भोगावी लागते, तेव्हा लेखिका त्याला सोडत नाही आणि टाकूनही देत नाही. माफी मागणं म्हणजे काय आणि माफ करणं कुणाच्या हातात असतं, यावर इतकं प्रामाणिक लिहिलेलं मी फार कमी वाचलं आहे.

याच्या शेजारी एक जुनं पुस्तक ठेवून पाहा. रँडा अब्देल-फत्ताह यांची २००५ सालची ‘डझ माय हेड लुक बिग इन धिस?’. मेलबर्नमधली अमल कायम हिजाब घालायचं ठरवते, त्याची गोष्ट. विशीत वाचली तेव्हा हरखून गेले होते. आपल्यासारखी कोणीतरी पुस्तकात आहे, एवढंच पुरेसं होतं. आता पुन्हा वाचली. अमल अजूनही आवडते, हजरजबाबी आहे, हसवते. पण तिची बरीच पानं उत्तरं देण्यात जातात. हिजाब का, कोणी सक्ती केली का, उकडत नाही का. तिच्या जागी आपण प्रत्येक जण कधी ना कधी उभे राहिलो आहोत. फक्त वाटतं, सतत उत्तरं देणाऱ्या मुलीला स्वतःचे प्रश्न विचारायला वेळ कधी मिळणार?

आता तुमच्या मनातला प्रश्न. “ताई, हे सगळं ठीक आहे, पण आजच्या काळात घरातलं बाहेर मांडलं तर त्याचा वापर आपल्याविरुद्धच होतो.” प्रश्न खरा आहे, मी तो उडवून लावणार नाही. मुसलमान मुलीला तिच्या घरापासून ‘वाचवणाऱ्या’ गोष्टींना मोठा बाजार आहे, हेही खरं. म्हणून मी एक साधी कसोटी लावते. लिहिणारा कुठे उभा आहे? खिडकीबाहेर उभा राहून आत डोकावतो आहे, की त्याच घरात जेवायला बसला आहे? सबा ताहिर स्वतः अशाच वाळवंटातल्या आपल्या घरच्या मोटेलमध्ये वाढल्या. त्या अब्बूची दारू दाखवतात, तेव्हा अम्मीने थकून केलेला चहाही दाखवतात.

दुसरं म्हणजे, गप्प राहण्याची किंमत कोण देतं ते पाहा. समाजाचं नाव राखायला गप्प बसते ती जॅना. मार खाते ती नूर. ज्यांचं नाव राखलं जातं, त्यांना काहीच द्यावं लागत नाही. आमच्या धंद्यातलं उदाहरण देते. ज्या सॉफ्टवेअरच्या यादीत एकही बग नोंदवलेला नसतो, ते निर्दोष आहे असं आम्ही मानत नाही. ते कोणी तपासलेलं नाही, असं मानतो.

आणि आपल्या धर्माचं म्हणाल, तर सूरह निसाची १३५ वी आयत घरी जाऊन अर्थासह वाचा. न्यायासाठी साक्ष द्या, मग ती स्वतःच्या, आईवडिलांच्या, नातेवाइकांच्या विरुद्ध का जाईना, असा तिचा आशय आहे. मला तरी तिच्यात ‘लोक काय म्हणतील’ ही सवलत सापडली नाही.

मराठीत काय आहे? हमीद दलवाईंची ‘इंधन’ १९६५ साली आली. कोकणातल्या गावाची आतून लिहिलेली कादंबरी. १९९० साली सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. तेव्हापासून कविता, कथा, आत्मकथनं येत राहिली. पण पंधरा वर्षांच्या मुस्लिम मुलीने स्वतःच्या तोंडून सांगितलेली मराठी कादंबरी माझ्या कपाटात अजून नाही. इंग्रजीत बेंगळुरूच्या अंदलीब वाजिद यांची ‘अस्माराज समर’ आहे. टॅनरी रोडवरच्या आजीच्या घरी सुट्टी काढावी लागते, याची लाज वाटणारी मुलगी. म्हणजे नायिका चक्क शिष्ट आहे! किती बरं वाटलं वाचून. भिवंडी, मालेगाव, मिरज, रत्नागिरीच्या मुलींना अशी शिष्ट, भित्री, भांडखोर नायिका मराठीत कधी मिळणार?

साने गुरुजींनी ‘इस्लामी संस्कृती’ या नावाने पैगंबरांचं चरित्र लिहिलं, आदराने लिहिलं. पण आपल्या घरातला श्याम काही ते लिहू शकत नव्हते. तो आपल्यालाच लिहावा लागेल.

म्हणून तीन विनंत्या. एक, यातलं एखादं पुस्तक चार-पाच जण मिळून वाचा. महाग वाटलं तर वर्गणी काढा, एकच प्रत फिरवा. दोन, घरातल्या मोठ्यांपैकी एकाला त्यातली गोष्ट तोंडी सांगा आणि त्यांना बोलू द्या. अम्मीकडे, खालाकडे काय काय साठलेलं असतं ते तेव्हा कळतं. तीन, एक पान लिहा. मराठीत लिहा, संवाद दखनीत असतील तर दखनीत राहू द्या, कोकणातल्या बोलीत असतील तर तसेच ठेवा. त्यात नायिकेला एक चूक करू द्या. लिहून झालं की ‘हे वाचून लोक काय म्हणतील’ असं विचारू नका. ‘हे खरं आहे का’ एवढंच विचारा. उत्तर हो आलं, तर दुसरं पान घ्या.