स्वातंत्र्याच्या दोन तारखा



स्वातंत्र्य केव्हा मिळाले, असे कोणी विचारले तर आपण १५ ऑगस्ट १९४७ असे सांगतो. आपल्या वऱ्हाडात फासे लावून तितर-लावे धरणाऱ्या फासेपारध्यांची तारीख निराळी आहे. इंग्रज सरकारने १८७१ च्या कायद्याने कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या. पुढे पारधीही त्या यादीत आले. बोटांचे ठसे द्यावयाचे, हजेरी लावावयाची, मुक्काम हलविला तर कळवावयाचे! तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. म्हणजे आपल्यामागून पाच वर्षे सोळा दिवसांनी.

कायदा गेला, संशय मात्र राहिला. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारही बंद झाली. प्राणी वाचावेत हे योग्यच. परंतु धंदा गेलेल्या माणसाने खावे काय, हे कोणी पाहिले? आजही चोरी झाली की पहिले बोट पारधी बेड्याकडे जाते. ते बोट बहुधा आपलेच असते.

संसदेने आपले काम केले. उरलेले आपल्याकडे आहे. पुराव्यावाचून बेड्याचे नाव घेऊ नये, आणि तेथले मूल शाळेत आपल्या मुलाशेजारी बसावे. एवढे झाले, तर त्या दुसऱ्या तारखेला अर्थ येईल.